बंद करण्याआधीची दोन मिनिटं

सोलापूर, ६ फेब्रुवारी १९७८

बसप्पामामा, शरणु शरणार्थी.

माझं पत्र बघून दचकू नका, आई बरी आहे. काम इंजिनचं आहे. पुण्यात इंजिनांच्या कारखान्यात तुम्ही टेस्टिंगला, आणि इथं सोलापुरात ज्याला विचारावं तो वेगळाच नट पिळून जातो. म्हणून तुम्हाला लिहितोय.

रुद्रप्पाकाकांची विलायती ट्रक तुम्ही बघितलेली नाही. धरणाच्या कामावर कुठल्याशा परदेशी कंपनीनं आणली होती. काम संपल्यावर लिलावात निघाली, ती काकांनी घेतली. साधं डिझेल इंजिन नाही, टर्बोचं आहे. तुम्हाला मी काय सांगणार, पण मला कळलंय ते असं की बाहेर पडणाऱ्या धुरानं एक चाक फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक इंजिनात हवा कोंबतं. इथं सगळे त्याला शंख म्हणतात, दिसतोच तसा. गाडी जोरात ओढायला लागली की शंख शिट्टी घालायचा. मंगळवेढ्याहून ज्वारीची शंभर पोती घेऊन यायची, तरी नदीवरच्या चढाला गिअर बदलायला नको.

ती गाडी आता दम लागल्यासारखी झालीय. संक्रांतीपासून. रिकामी असली तर बरी पळते. पोती चढवली की चढावर दुसरा गिअर आणि मागं काळा धूर. परवा मागच्या सायकलवाल्यानं गाठून शिव्या दिल्या. चढावर सायकलवाल्यानं गाठलं, म्हणजे बघा.

कारण मला ठाऊक आहे. ड्रायव्हर महबूब. पन्नाशी ओलांडलेला, शिक्षण नाही, धरणापासून हीच गाडी चालवतो म्हणून मिजास. ऑईल वेळेवर बदललंच नाही. मी उपसून बघितलं तर डांबर! काकांना दाखवलं, त्याला काढून टाकलं, विषय संपला. गाडी आता माझ्याकडे आहे. ज्वारीचा हंगाम तोंडावर आलाय. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून आलो तेव्हा सगळा गोतावळा म्हणाला, ह्याच्या हातून काही व्हायचं नाही. ही गाडी मला पळवून दाखवायचीच आहे. काय करू ते लवकर कळवा.

तुमचा
सिद्धाराम

पुणे, ११ फेब्रुवारी १९७८

चि. सिद्धाराम,

तू पत्रात रोग सांगितलास, औषध विचारलंस आणि गुन्हेगारही पकडून दिलास. मला करायला फारसं ठेवलं नाहीस.

डिझेल इंजिनातलं ऑईल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी काळं होतं. आमच्या कारखान्यातलंही होतं. काळा रंग हा पुरावा नव्हे.

मला वेगळी माहिती दे. धूर काळाच आहे की सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर येतो? शिट्टी येते का अजून, आणि येत असली तर आवाज तोच आहे का? हवेची जाळी कधी साफ केली? शंखापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लाव, गाडी चालू करून कुणाला तरी रेस द्यायला सांग आणि बुडबुडे येतात का बघ. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडते आहे. म्हणून डिझेल-पंपाला हात लावू नकोस. त्यावर शिशाचं सील असतं ते शोभेसाठी नसतं.

आणि महबूबला विचार. गाडी चालवणाऱ्याला विचारल्याशिवाय आम्ही इथं इंजिन उघडत नाही. त्याच्या पायाला आणि कुल्ल्याला जे कळतं ते आपल्या मोजमापाच्या घड्याळांना कळत नाही.

मामी विचारते, जेवतोस का वेळेवर?

बसप्पा

सोलापूर, १७ फेब्रुवारी

मामा, शरणार्थी.

पत्र दोन दिवस उशिरा आलं असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला. पत्र यायच्या आधीच मी पंपाचं सील तोडलं होतं. वाटलं, डिझेल वाढवलं की ओढेल. धूर दुप्पट झाला, ओढ तेवढीच. स्क्रू परत जागेवर आणलाय. खूण केली होती म्हणून जमलं.

जाळी साफ केली, धूळ निघाली पण फार नाही. साबण लावला, बुडबुडा एक नाही. सकाळी निळा धूर येतो, लई नाही, पण येतो. आणि शिट्टी गेलीय मामा. तिच्या जागी खर्र असा आवाज येतो. मग मी नळी काढून शंखात बोट घातलं आणि चाक फिरवलं. अडतं. एका जागी कडेला घासतं. म्हणजे रोग शंखातच की.

महबूबला विचारता येणार नाही. तो सोलापुरात नाही, मुलीकडे अकलूजला गेलाय म्हणतात. गेला तर गेला.

आता एक दुसरी गोष्ट, मामीला वाचून दाखवू नका. आमच्या गॅरेजच्या अलीकडे, सात रस्त्यावरून येताना एक माडी आहे. तिथं चन्नम्मा राहते. डी.एड. करते. आपल्यातलीच आहे. अजून बोललो नाही, पण बोलायची गरज काय? रोज संध्याकाळी माझी गाडी तिथं थांबली की मिनिटाच्या आत ती गॅलरीत येते. एकदाही चुकली नाही. दुसऱ्या ट्रका जातात, तेव्हा नाही येत. इंजिनच्या आवाजावरून माणूस ओळखणं म्हणजे काय, हे तुम्हीच समजू शकाल. गाडी आजारी पडल्यापासून मी तिथून चालतच जातो आणि ती दिसत नाही. गाडी लवकर उभी राहायला पाहिजे, ते काकांसाठी नुसतं नाही.

सिद्धाराम

पुणे, २३ फेब्रुवारी

चि. सिद्धाराम,

सील तोडल्याचं आपण होऊन लिहिलंस, ते आवडलं. बाकी पत्रातलं फारसं आवडलं नाही.

शंख उतरव. धुराच्या बाजूचे नट गंजून बसले असतील, त्यांना रॉकेल पाजून रात्रभर ठेव, पान्ह्यानं मारामारी करू नकोस. उतरवल्यावर धुऊ नकोस. पुसूही नकोस. आहे तसा पोत्यात गुंडाळून पेटीत घाल आणि रेल्वे पार्सलनं पाठव. तू उपसलेलं ते डांबर शिल्लक असेल तर त्यातलं बाटलीभर पाठव.

चन्नम्माबद्दल मी काय लिहू? पोरगी गॅलरीत येते एवढंच तुला ठाऊक आहे. ती का येते, हे तिला विचारलेलं नाहीस. इंजिनाचंही तू असंच केलंस.

काल अक्काचं पत्र आलं. तुझ्या आईनं लिहिलंय की सिद्धारामनं भर सात रस्त्यावर एका म्हाताऱ्या माणसावर हात उचलला आणि तिला पाण्याला बाहेर पडायची लाज वाटते. तो म्हातारा महबूबच का? तू 'विषय संपला' असं लिहिलं होतंस, तोच हा विषय का?

बसप्पा

सोलापूर, १ मार्च

मामा,

पेटी पाठवली आहे, बाटली आत आहे. पावती सोबत.

हो, महबूबच. लपवलं नव्हतं, इंजिनशी त्याचा संबंध नव्हता म्हणून लिहिलं नाही. पण आईनं अर्धंच सांगितलं असणार, तर पुरतं ऐका.

हा माणूस गाडी थांबवायचा आणि बंद करायचा नाही. इंजिन चालू ठेवून विडी पेटवायचा, अख्खी विडी ओढायचा आणि मग बंद करायचा. डिझेल जळतंय, मालकाचं! बाकीचे ड्रायव्हर गाडी थांबायच्या आधी बंद करतात, आणि हे नवाबसाहेब. मी एकदा म्हणालो, "चाचा, विडी खाली उतरून ओढा की." तर म्हणाला, "अरे बेटा, मैं नहीं पीता, ये पीती है. दम लेने दे उसको." मी हसलो. काकांना सांगितलं. काकांनी त्याला सगळ्यांसमोर तासला आणि विडी बंद केली. तेव्हापासून तो माझ्याशी कमी बोलायचा, मला वाटलं खुन्नस धरून आहे.

मग जानेवारीच्या शेवटी गाडी चढावर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यापाशी मी ऑईलचा डबा सगळ्यांना दाखवला, म्हणालो, ह्या माणसानं गाडी मारली. तो म्हणाला, "सिद्धाराम, गाडी मैंने नहीं मारी. किसने मारी, वो तू घर जाके सोच." माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजातही असंच झालं होतं, ड्रॉइंगच्या सरांसमोर बोर्ड फेकला. इथं बोर्ड नव्हता.

त्याची टोपी पडली. त्यानं ती उचलली, झटकली, घातली आणि गेला. काका म्हणाले, "होगली बिडप्पा, जाऊ दे त्याला." मी जिंकलो असं वाटलं. चहावाल्या तानाबाईनं मला त्या दिवसापासून चहा दिलेला नाही. मागितला की म्हणते, "दूध नासलंय." माझ्या पुढच्याला देते, मागच्याला देते, नासतं ते फक्त माझंच.

मामा, शंख बघून मला एवढंच लिहा की ऑईलमुळेच गेला. मग मला झोप लागेल.

सिद्धाराम

पुणे, १२ मार्च

चि. सिद्धाराम,

ते मला लिहिता येणार नाही.

शंख माझ्यासमोर टेबलावर उघडा आहे. दुरुस्त होईल, मी करून पाठवतो. दांड्याला दोन ठिकाणी आधार असतो, दोन बुश. एक थंड चाकाकडे, एक धुराच्या चाकाकडे. दोघांना एकाच नळीतून ऑईल मिळतं. ऑईल घाण असतं तर दोघांवर सारखे ओरखडे आले असते. थंडीकडचा बुश मी भिंगाखाली धरला. आरशासारखा आहे. तुझ्या बाटलीतलं ऑईल बोटांत चोळलं, तपासायलाही दिलं. काळं आहे, पण कचकच नाही. कुणीतरी नेमानं बदलत होतं.

धुराकडची बाजू मात्र जळली आहे. दांडा निळा पडलाय आणि त्याच्याभोवती ऑईलचा कोळसा होऊन थर बसलाय. तो खरवडायला मला छिन्नी लागली. दांडा त्यातच अडत होता. हे एकाच कारणानं होतं. गाडी भरून, तापून आली, शंख पूर्ण वेगात, मिनिटाला पन्नास हजारांवर फेरे घेतोय, आणि कुणीतरी इंजिन एकदम बंद केलं. इंजिन थांबलं की ऑईलचा पंप थांबतो. पण शंख आपल्या वेगानं फिरत राहतो. कोरडा. आत राहिलेलं थेंबभर ऑईल तिथल्या तिथं जळतं. एकदा झालं तर कळतही नाही. महिना-दोन महिने रोज झालं की हे असं.

आमच्या टेस्टिंगला भिंतीवर पाटी आहे. टर्बोचं इंजिन बंद करण्याआधी तीन मिनिटं मंद चालू ठेवावं. तीन मिनिटं म्हणजे जवळजवळ एक विडी. धरणावर कुणा परदेशी मिस्त्रीनं महबूबला ते शिकवलं असणार आणि त्याच्याकडे घड्याळ नसणार.

तू लिहिलंस की तुझी गाडी 'थांबली की मिनिटाच्या आत' चन्नम्मा गॅलरीत येते. मला एवढंच लिही. त्या माडीखाली गाडी कशी थांबत होती? बंद करण्याआधीची दोन मिनिटं, जसं झालं तसं, काही न गाळता.

बसप्पा

सोलापूर, १६ मार्च

मामा,

तुमचं पत्र परवा आलं. लिहितो.

मंगळवेढ्याहून गाडी महबूबचाचाच आणायचे. सात रस्त्यावर ते बाजूला सरकायचे आणि मला म्हणायचे, "ले, हाथ बिठा." पुढचं गॅरेजपर्यंतचं अंतर माझं. मालकाला न विचारता द्यायचे, मी शिकावं म्हणून. मी माडीखाली थांबायचो. टायर बघतो म्हणायचो. मग क्लच दाबून रेसवरचा पाय तळापर्यंत, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शंख किंचाळायचा. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आणि तिसऱ्या वेळी आवाज सगळ्यात वर असताना बंद करायची दांडी ओढायची. सगळा रस्ता एकदम गप्प. त्या गप्पपणात वर कडी वाजायची आणि ती यायची.

सगळेच ड्रायव्हर बंद करताना एक रेस मारतात मामा. ऐट असते ती. माझी तीन होती. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, रोज.

चाचा शेजारी बसलेले असायचे. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "नक्को बेटा, ऐसा नक्को कर. मर जाएगी." मी म्हणालो, "कोण, ट्रक की ती?" आणि मी स्वतःच हसलो. ते हसले नाहीत. नंतर माझ्या पायाकडे बघत बसायचे. मालकाकडे जाऊन एक वाक्य बोलले असते तर त्यांची नोकरी राहिली असती. पण मग मी का थांबतो ते सांगावं लागलं असतं आणि त्या पोरीचं नाव चहाच्या गाड्यावर आलं असतं. ते बोलले नाहीत. 'घर जाके सोच' एवढंच म्हणाले, आणि त्यावर मी काय केलं ते तुम्हाला लिहिलंच आहे.

आता राहिलेलं ऐका, तेही गाळत नाही. काल संध्याकाळी मी त्या माडीखाली जाऊन उभा राहिलो. का गेलो ते कळत नाही. बहुतेक, एवढं सगळं करून निदान एक गोष्ट खरी निघावी असं वाटलं. चन्नम्मा दारातच होती, रांगोळीचा डबा हातात. मला बघून म्हणाली, "तुम्ही त्या धुराच्या ट्रकवालेच ना?"

मी हो म्हणालो.

"बिघडली वाटतं? बरं झालं बाई. दोन महिने झाले, कपडे पांढरे राहतात आमचे."

"कपडे?"

"मग! तुमचा तो आवाज आला की मी वाचन टाकून पळायची, दोरीवरचे कपडे काढायला. आईचं इरकल लुगडं दोनदा काळं झालं. आई म्हणायची, आला बघ राक्षस, पळ."

मी पायाखालची खडी मोजत उभा राहिलो. ती आत जाता जाता वळली. "ते टोपीवाले काका कुठं गेले हो? चांगले होते. एकदा वर येऊन आईची माफी मागून गेले. म्हणाले, पोरगं नवीन आहे, पाय जड आहे, शिकेल."

मामा, मला वाटायचं की लाज म्हणजे कान गरम होणं. तसं नव्हतं. मला तिथून घरापर्यंत चालता येईना.

काकांना अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी महबूबचाचांना अकलूजला पत्र टाकलं. चूक माझी होती, काकांना सांगतो, परत या असं लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचवं टाकलं तेही चांगलं नव्हतं.

सिद्धाराम

अकलूज, २५ मार्च १९७८

सिद्धाराम यांना,

मी अजीजा, महबूब यांची मुलगी. अब्बांना मराठी लिहिता येत नाही, ते सांगतात ते मी लिहिते.

अब्बा म्हणतात, तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे. साखर कारखान्याला उसाची गाडी चालवतो. साधी गाडी आहे, शंख नाही. तुझे मामा शंख दुरुस्त करून देणार आहेत हे वाचून बरं वाटलं. ते इंजिन चांगलं आहे, त्याचा दोष नव्हता.

अब्बा म्हणतात, तू मालकाला घरात बसून सांगशील तर मला त्याचा उपयोग नाही. जिथं टोपी पडली तिथं सांग. तानाबाईच्या गाड्यावर, सकाळी दहाला, त्या दिवशी जे होते ते असताना. दिवस ठरव आणि कळव, मी येईन. मला ऐकायचं आहे. त्या मुलीचं नाव घ्यायचं नाही. घेतलंस तर मी उठून जाईन.

अब्बांचं संपलं. पुढचं माझं आहे. ते ऐकत आहेत पण मी लिहिते. त्या दिवशी ते इथं आले तेव्हा म्हणाले, काम कंटाळा आला म्हणून सोडलं. आम्ही खरं मानलं. आठ दिवसांनी सोलापूरहून आलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळलं. ते अजून नातवंडांसमोर टोपी काढत नाहीत, झोपतानाही नाही. तुम्ही कॉलेजात शिकलेले आहात म्हणे. मी सातवी आहे.

अजीजा

सोलापूर, ६ एप्रिल १९७८

मामा, शरणार्थी.

पेटी शनिवारी पोचली. तुम्ही नवे पाडलेले बुश, घासलेला दांडा, सगळं बघितलं. बोटानं चाक फिरवलं तर फिरतच राहिलं. दोन दिवसांत मी शंख बसवला. त्यात गंमत वाटली नाही, आधी वाटायची.

काल सकाळी दहाची वेळ दिली होती. काकांना मी काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं म्हणालो, तानाबाईकडे या. महबूबचाचा साडेनवालाच आले होते. पांढरे कपडे, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि बाकड्याच्या टोकाला बसले. तानाबाईनं त्यांना न विचारता चहा दिला. मला विचारलं, "तुला काय?" मी म्हणालो, काही नको.

त्या दिवशीचे बहुतेक सगळे होते. टायरवाला मल्लप्पा, दोन टांगेवाले, आडत्यांचे दिवाणजी. मला वाटलं होतं मी मोठ्यानं बोलेन. सदऱ्याचं बटण लावत-काढत उभा राहिलो. मल्लप्पा म्हणाला, "काय रे, परत कुणाला मारायला जमवलंस?" सगळे हसले. आणि त्या हसण्यात मी बोलून टाकलं.

म्हणालो, गाडी मी मारली. चाचांनी नाही. तापलेली गाडी रेस करून बंद करायचो, त्यानं शंख जळला. ऑईल चांगलं होतं, पुण्याला तपासून आलंय. चाचा विडी ओढत बसायचे ते गाडी वाचवायला. मी चहाडी केली, मी खोटं बोललो आणि मीच हात उचलला.

कुणी हसलं नाही मग. काका लालबुंद झाले. "याक? रेस कशाला मारायचास रे? रोज? कुणी सांगितलं होतं?"

मी चाचांकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते, त्यांचा हात थांबला.

"आवाज आवडायचा," मी म्हणालो.

"आवाज!" काका म्हणाले. "आवाज आवडायचा म्हणे! बेंडबाज्यात जा की मग!" आणि अजून बरंच, ते लिहीत नाही. मी ऐकून घेतलं. चाचांनी चहा संपवला.

काकांचा राग ओसरला तसे ते त्यांच्याकडे वळले. "महबूब, झालं ते झालं. उद्यापासून ये. गाडी तुझीच." चाचा उठले, टोपी सारखी केली. म्हणाले, "नाही मालक. अकलूजला बरं आहे. मुलगी आहे, तिची पोरं आहेत. मी कामासाठी नाही आलो." मग बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "सुने ना सब लोगां?" टांगेवाला म्हणाला, "हौ मियाँ, सुने." एवढंच. त्यांनी पिशवी उचलली.

मी एस.टी. स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर चाललो. पिशवी मागितली, दिली नाही. वाटेत मी मनात वाक्य जुळवत होतो. मामा, गाड्यावर मी चूक सांगितली होती, पण ती लोकांना. त्यांच्याकडे बघून 'मला माफ करा' असं अजून म्हटलं नव्हतं. स्टँड आला, अकलूजची गाडी लागलेली होती, ते चढले, खिडकीत बसले. मी खाली उभा. तोंड उघडलं.

त्याच वेळी त्यांनी विचारलं, "शंख बसवलास म्हणतोस. चालू करायच्या आधी नळी सोडून आत तेल ओतलंस का? नवे बुश कोरडे असतात बेटा. इंजिनाचं तेल वर पोचेपर्यंत जळतील."

मी ओतलं नव्हतं. तुम्ही पेटीत कागद ठेवला होता त्यावर तेच लिहिलं होतं, नंतर बघितलं. पेटी उघडली तेव्हा माझं लक्ष फक्त कालच्या दहा वाजण्याकडे होतं. आणि काका गाड्यावरून उठताना म्हणाले होते, मीच जाऊन चालू करून बघतो, कसला शंख दुरुस्त केलाय ते.

"पळ," चाचा म्हणाले.

मी पळालो. स्टँडपासून गॅरेजपर्यंत, भर उन्हात. सात रस्त्यावर एका सायकलीला धडकलो, थांबलो नाही. काका केबिनमध्ये चढलेले होते, दार उघडं, हात किल्लीवर. मी लांबूनच ओरडलो, "काका, हात काढा!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा आता मलाही मारणार. पण हात काढला.

नळी सोडली, तेल ओतलं, हातानं चाक फिरवून घेतलं, नळी लावली. मग चालू केली. मंद ठेवली. शिट्टी लगेच येत नाही, ओझं आल्यावर येते, तुम्हाला ठाऊक आहे. काका म्हणाले, जा, एक फेरी मार. मी म्हणालो, तुम्ही मारा. आणि स्टँडवर परत गेलो. अकलूजची गाडी केव्हाच निघून गेली होती. त्या जागी मंगळवेढ्याची लागली होती.

काका आज म्हणाले, गाडी तूच चालव. मी म्हणालो, दुसरा ड्रायव्हर बघा. तो येईपर्यंत चालवेन.

चाचांना माफीचं पत्र लिहिणार नाही. पत्रात मला खोटं सहज जमतं, पहिलं पत्र काढून बघा. उद्या पहिल्या एस.टी.नं अकलूजला जातोय. चाचा त्या वेळी उसावर असतील, संध्याकाळपर्यंत यायचे नाहीत. म्हणजे दार अजीजा उघडेल. तिला पहिल्यांदा काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.

सिद्धाराम